काकांची बोहनी आणि माझी क्रांती

हसायचं नाही, या अटीवर सांगते. बरं, हसा, पण चहा सांडू नका. कारण हा गाढवपणा मी भर बाजारात, चारचौघांसमोर आणि मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून केलेला आहे!

मी समाजकार्याची पदवी घेतलेली पोरगी. समाज बदलायचा, आणि शक्यतो याच महिन्यात, असा माझा साधा विचार. बाबांचा विचार त्याहून साधा. ते म्हणाले, "एक बचत गट उभा करून दाखव. नाही जमला, तर एक तारखेपासून नेपियर टाउनात बँकेच्या परीक्षेचा क्लास."

बँक! अहो, जी मुलगी बाजारातल्या बायकांची त्यांची स्वतःची बँक उभी करणार, तिनं दुसऱ्याच्या बँकेत काउंटरमागे बसून शिक्के मारायचे?

तडक अधारतालचा बाजार गाठला. तिथं मेन रोडच्या कडेला दहा-बारा बायका भाजी विकतात. दुपारची वेळ, सगळ्या सुस्तावलेल्या. मी गटाचं सांगितलं आणि काय सांगू, काय ते स्वागत! कमलाबाई त्यातली थोरली, मूळची पांढुर्ण्याकडची, आमच्या या हिंदी शहरात मराठी बोलणारी. ती म्हणाली, "कर ना पोरी. हातात पैसा टिकूनच नाही राहिला." शेजारची मुन्नीबाई म्हणाली, "हम तो तैयार बैठे हैं, दीदी!"

मी घरी येऊन आईला सांगितलं, झालाच गट! आता फक्त एकेकीशी नीट बोलायचं. कधी बोलायचं? मी डोकं चालवलं. सकाळी सात वाजता! तेव्हा गिऱ्हाईक नसतं, म्हणजे बायका रिकाम्या. आहे की नाही हुशारी?

शिवाय कॉलेजात शिकवलेलं होतं, की लोकांशी आधी त्यांच्या कामाबद्दल बोलावं. म्हणून मी प्रत्येकीपुढे बसायची, एक वांगं उचलायची, भाव विचारायची, "वा, छान!" म्हणून परत ठेवायची आणि गटाचं बोलून पुढच्या बाईकडे जायची. विकत काय घेणार? आमच्या विजय नगरातल्या घरी भाजी मोबाइलवरून येते.

पहिल्या सकाळी बायका जरा गप्प वाटल्या. दुसऱ्या सकाळी मुन्नीबाईनं मला लांबून पाहिलं आणि टमाट्यांवर पोतं टाकून ती मागच्या गल्लीत पसार झाली. तिसऱ्या सकाळपासून अख्खी रांगच पोती टाकायला लागली! कमलाबाई तर पदर तोंडावर घेऊन आडवी झाली. मी हलवलं, तर पदर सरकला आणि ती घोरायला लागली. डोळे उघडे ठेवून!

आता तुम्हीच सांगा, दुपारी हसणाऱ्या बायका सकाळी काहून पळतात? मला एका क्षणात कळलं. दहशत! कुणीतरी यांना धमकावलंय. बायकांनी पैसा साठवला, तर ज्याचं दुकान बंद होईल, असा कुणीतरी.

आणि तो मला दिसलासुद्धा.

साठीच्या पुढचे, भरघोस मिशांचे, सायकलवरून येणारे एक गृहस्थ. ते आले रे आले, की पोती निघायची. "काका, पहले इधर!" "नहीं काका, आज मेरे पास!" बायका नुसत्या आर्जवं करायच्या. ते कुठं चार मिरच्या घेत, कुठं एक मुळा. आणि प्रत्येक बाई वरून कोथिंबिरीची जुडी, आल्याचा तुकडा त्यांच्या पिशवीत फुकट टाकायची. हात जोडून!

हप्ता! दिवसाढवळ्या, भाजीच्या रूपात हप्तावसुली! माझं रक्त असं उसळलं म्हणून सांगू.

शेवटी एका सकाळी मी सायकलीपुढे जाऊन उभी राहिले. मोबाइल काढला, व्हिडिओ सुरू केला.

"रुकिए! किसके बाप का है ये धनिया?"

काकांनी पिशवीत वाकून पाहिलं. मग शांतपणे मराठीत म्हणाले, "माझ्या बापाचा तर नाही, बेटा. कमलाबाईनं दिला."

"दिला नाही, तुम्ही उकळला! या गरीब बायकांना किती दिवस लुटणार? कमलाबाई, घाबरू नका! मी आहे!"

कमलाबाई ताडकन उठली. "अवं माय! तू आहेस म्हणूनच त भेव लागते!"

मग रांगेच्या त्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलं. आणि मग जो काही हशा उठला म्हणता! एकजणी तर कोबीच्या ढिगावर कोसळली.

"मला? मला कशाला भ्यायचं?"

"काहून नाही भ्यायचं?" कमलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "रोज सकाळी येतेस. बोहनी व्हायच्या आधी. माल उचलतेस, भाव करतेस आन् न घेताच चालली जातेस! पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं, का दिवस खलास. ज्या दिवशी तू वांगं ठेवलं, त्या दिवशी माही वांगी संध्याकाळपर्यंत तशीच!"

"हमारे टमाटर भी," मुन्नीबाई म्हणाली. "गाय ने भी मुँह फेर लिया, दीदी!"

बोहनी! दिवसाची पहिली विक्री. शब्द मला ठाऊक होता हो. पण सकाळी अकराच्या आधी मी आयुष्यात बाजार पाहिलेलाच नव्हता.

"आणि हे काका?"

"काकांचा हात चांगला. त्यांनी मिरची जरी घेतली, तरी दिवस पार. म्हणून आपल्या खुशीनं धनिया देतो आम्ही."

"मग मला आधीच का नाही सांगितलं?"

"आता तू पोरगी पुण्याचं काम करून राहिली. तुले तोंडावर कसं सांगावं, का सकाळी तोंड नको दाखवू?"

मी मान खाली घालून काकांची माफी मागितली. ते फॅक्टरीतून रिटायर झालेले, जन्मभर सरळ माणूस. ते म्हणाले, "माफी कसली? आजवर मला कोणी गुंडा समजलं नव्हतं. तो व्हिडिओ तेवढा माझ्या बायकोला पाठव. घरात थोडी इज्जत वाढेल."

गट झाला बरं का! अहो, मनापासून हवाच होता त्यांना. कमलाबाई अध्यक्ष झाली, पत्र्याची नवी पेटी आली. पण शुभ काम सकाळीच, आणि पेटीत पहिलं नाणं काकांच्या हातचं, असं सर्वानुमते ठरलं. मी फोटो काढायला पुढे सरसावले, तर कमलाबाईनं मला खांद्याला धरून वळवलं आणि समोरच्या बंद शटरकडे तोंड करून उभं केलं. "हलू नको. वळू पण नको."

मागं टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, शटरला.

तेवढ्यात भाजीला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "वो लड़की ऐसे क्यों खड़ी है? सज़ा दी है क्या?"

"नहीं जी," मुन्नीबाई कौतुकानं म्हणाली. "उसी ने तो ये समूह बनाया है। बोहनी होने तक उसको ऐसे ही रखते हैं।"