पंपाबाईचे अडतीस मीटर

तिच्यासारखी पंप चालवणारी बाई दहा वस्त्यांत शोधून दाखवावी, पैज! बटण काय, कुणीही दाबेल. पण मोटर सुरू झाली की नुसत्या आवाजावरून खाली पाणी किती आहे ते ओळखायला कान लागतो, आणि तो कान हिच्याकडे होता. शिक्षण नववी. अक्षर मात्र असं, की पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातले पदवीवाले तिची वही बघून आपला कागद हळूच खाली सारायचे. वरच्या वस्तीत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळ्यांची ती पंपाबाई. बाजारात कुणी तिच्या थोरल्या भावाला "पंपाबाईचे दादा ना तुम्ही?" असं विचारलं, की तो वेल्डिंगचं दुकान उघडं टाकून अर्धा तास बोलत उभा राहायचा.

वस्ती टेकडीच्या उतारावर. दोनशे बारा घरं, एक बोअर, एक टाकी. अकरा वर्षांपूर्वी दूरच्या एका देशाने मदत दिली, त्यातून हे सगळं झालं. जाताना त्या लोकांनी पंपाबाईला चार दिवस शिकवलं आणि एक जाडजूड नोंदवही हातात दिली. मोटर किती तास चालली, पाणी किती खोल आहे, नळाला किती तास आलं, हे सगळं रोज लिहायचं. महिन्याला तिची नक्कल ऑफिसात, आणि ऑफिसातून समुद्रापार. "तुमचं पाणी ठीक आहे की नाही, ते आम्हाला या वहीवरूनच कळणार," असं त्यांच्या दुभाष्याने तिला दोनदा बजावलं होतं.

खोली मोजायला एक पोलादी पट्टी होती, चाळीस मीटरची, टोकाला वजन बांधलेली. पट्टीच्या शेवटच्या भागाला खडू चोळायचा, पट्टी बोअरमध्ये सोडायची, वर ओढायची. खडू जिथपर्यंत भिजला, तिथे पाणी. पंपाबाई हे काम असं करायची की पट्टीला कधी पीळ पडला नाही.

पहिली तीन वर्षं तिने दिसेल ते लिहिलं. मग मोटर जळली आणि नऊ दिवस पंप गप्प. तिने नऊ रकान्यांत नऊ वेळा 'बंद' लिहिलं. महिनाअखेरीला ऑफिसातले साहेब मोटरसायकलवरून तणतणत आले.

"अहो बाई, तुमच्या एका 'बंद'ला मला एक खुलासा पाठवावा लागतो. नऊ खुलासे! तुमची मोटर काय मी जाळली?"

"मग काय लिहू, साहेब?"

"नेहमीचं लिहा. वही कशी दिसली पाहिजे? स्वच्छ!"

वही स्वच्छ पाहिजे, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. शाळेत असताना पानावर खाडाखोड दिसली की दादा अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचा. तिने नेहमीचं लिहिलं. मोटर सहा तास, नळ सहा तास. हात एकदा सरावला की डोक्याला विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी पट्टी वर आली ती कोरडी. तिने पुन्हा खडू चोळला, पुन्हा सोडली. कोरडी. पाणी चाळीसच्या खाली गेलं होतं आणि पट्टी चाळीसलाच संपत होती. वहीत आकड्यांचा रकाना होता; 'कोरडी' असं लिहायला जागाच नव्हती. आदल्या दिवशीचा आकडा होता अडतीस आणि काही. तिने अडतीस लिहिलं. दुसऱ्या दिवशी अडतीस. मग पट्टी सोडणंच थांबलं. अडतीस मात्र रोज.

इकडे नळाचे सहा तास कधीच आटले होते. चाळीस मिनिटं, तीही दिवसाआड. बायका तक्रार घेऊन ऑफिसात जायच्या, आणि ऑफिस म्हणायचं, कागदावर तुम्हाला रोज सहा तास पाणी आहे. पंपाबाईची वही खरी आणि ऑफिसातच कुणीतरी आकडे बदलतं, अशी त्यांची खात्री होती; परत येऊन त्या नळापाशी त्याच्यावर तोंडसुख घ्यायच्या. शेजारची शिवणकाम करणारी तर पंपाबाईच्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "कुठला मेला लिहीत असेल गं हे? सापडला ना, त्याचं तोंड शिवून टाकीन. दुहेरी टाक्याने!"

सगळ्या हसल्या. पंपाबाईही हसली आणि व्हॉल्व्ह बंद करायला उठली. व्हॉल्व्ह तिने आधीच बंद केलेला होता.

अशात नवी योजना आली. परदेशी निधीतून नदीवरून मोठी पाइपलाइन येणार. अर्ज दहा वस्त्यांचे, घेणार सहा. ज्यांचं पाणी सगळ्यात वाईट त्यांना आधी. यादी ऑफिसच्या दारावर लागली. वरची वस्ती दहावी. पुढे शेरा : पाणी पुरेसे. आणि त्याच दिवशी पंपाबाईच्या नावाने पत्र आलं. सर्व वस्त्यांत तिची नोंदवही उत्तम ठरली होती. मंगळवारी परदेशातल्या इंजिनियरबाई स्वतः येऊन प्रमाणपत्र देणार होत्या.

दादाने ते पत्र बाजारभर फिरवलं. चहावाल्याने वाचलं, न्हाव्याने वाचलं, ज्याला वाचता येत नव्हतं त्याला दादाने वाचून दाखवलं. संध्याकाळी ती दुकानात आली तेव्हा तो प्रमाणपत्रासाठी लोखंडी चौकट जोडत बसला होता.

"दादा, ते थांबव."

"का? लाकडाची पाहिजे?"

"वही खोटी आहे."

त्याने डोळ्यांवरची काळी काच वर केली. तिने सगळं सांगितलं, खाली बघत, एका दमात. त्याने यंत्र बंद केलं, दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं. 

"कुणाला कळलंय?"

"कुणालाच नाही."

"मग गप्प राहा. मंगळवारी कागद घे, हात जोड, घरी ये. नोकरी गेली तर खाशील काय? आणि या लोकांना कळलं तर तुला या गल्लीत राहू देतील?"

"आणि पाइपलाइन?"

"पुढच्या खेपेला येईल."

"पुढच्या खेपेपर्यंत बोअर टिकायला हवी ना, दादा. मोटरचा आवाज ऐकलायस? शेवटची पाच मिनिटं ती नुसता वारा पिते."

दादाने चौकट बाजूला ठेवली.  मग उठून त्याने तारेचं भेंडोळं काढलं. "चाळीसच्या खाली किती मोजायचंय?" एवढंच विचारलं. पट्टीच्या टोकाचं वजन काढून तिथे त्याने तीस मीटर तार जोडून दिली, दर अर्ध्या मीटरला खूण करून, आणि वजन तारेच्या टोकाला बांधलं. बोटभर फरक निघाला तर दुकानाला कुलूप लावीन, असं म्हणाला, आणि नसता निघालाच.

मंगळवारी पंपाच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. इंजिनियरबाई पिकल्या केसांची, बुटांना चिखल लागलेली. बरोबर दुभाष्या, साहेब, दारात बायका. साहेब कडक इस्त्रीत. वही टेबलावर उघडी. इंजिनियरबाईंनी पानावरून बोट फिरवलं आणि काहीतरी बोलल्या.

"म्हणतात, इतकी नीट नोंद त्यांच्या देशातही कमी दिसते," दुभाष्याने सांगितलं.

"त्यांना सांगा, ही नोंद खोटी आहे," पंपाबाई म्हणाली.

दुभाष्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब हसले. "बाई घाबरल्यात जरा. एवढे मोठे पाहुणे—"

"घाबरलेय, पण खोटी आहे. दोन वर्षांत मी मोजलेलंच नाही. त्याआधी पंप बंद असला तरी चालू लिहिलं. नळाला चाळीस मिनिटं येतं, या बायकांना विचारा. सांगा त्यांना."

दुभाष्याने सांगितलं. इंजिनियरबाईंचं बोट पानावर जिथे होतं तिथेच राहिलं. पंपाबाईने तारेला खडू चोळला आणि सगळ्यांदेखत पट्टी सोडली. आधी तार गेली, तार संपून पट्टी सुरू झाली, पट्टी जातच राहिली. वर ओढून तिने भिजलेली खूण दाखवली. सत्तावन्न.

दारातून शिवणवालीचा आवाज आला, अगदी हळू. "म्हणजे तू लिहीत होतीस?"

पंपाबाईने मान हलवली. बायका एकेक करून निघून गेल्या.

इंजिनियरबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही मिटली. मग बोलल्या, आणि दुभाष्याने वाक्य वाक्य सांगितलं. यादी वहीवर ठरते. ही वही आता ग्राह्य धरता येणार नाही. एका दिवसाचं मोजमाप चालत नाही, सलग बारा महिन्यांचं लागतं. या यादीत नाव येणार नाही. वर्षाने दुसरी लागेल, तिच्यात बघू. बारा महिने खरं लिहा. बाईंना कामावरून काढू नका, असंही त्या साहेबांना म्हणाल्या. साहेबांनी मान डोलावली, आणि पाहुण्यांची गाडी वळल्यावर पंपाबाईकडे न बघता म्हणाले, "अकरा वर्षं मी तुम्हाला सांभाळलं. चांगले पांग फेडलेत!"

प्रमाणपत्र टेबलावरच राहिलं होतं. ते साहेब घेऊन गेले.

रात्रीतून कुणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. नुसतं बोलणं बंद झालं. दुकानदाराने साबण दिला तो हातात नाही, फळीवर ठेवून. नळावर ती आली की गप्पा तुटायच्या. दादाने चौकात आवाज चढवून विचारलं, "खरं बोलायची छाती आहे का तुमच्यात कुणाची?"  भांडायलाही कुणी तयार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं बोलणं असं वाया गेलं.

पंपाबाई रोज मोजत होती. महिना झाला, सत्तावन्नचे अठ्ठावन्न झाले. मोटर बसवली होती बासष्टवर. हिशेब काही शाळेत शिकवलेल्यापेक्षा अवघड नव्हता. ती भरल्या रांगेसमोर जाऊन उभी राहिली.

"चार महिने," ती म्हणाली. "बोअर चार महिने पुरेल. पुढच्या यादीला अकरा आहेत. घागर कमी भरली तर कदाचित सहा काढू. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते."

 मग शिवणवाली म्हणाली, "हे खरं, की नेहमीचं?"

 पंपाबाई आत गेली, पट्टी घेऊन आली आणि तिच्यासमोर धरली.

"मी सांगून तुला पटणार नाही, आणि का पटावं? तूच सोड. तूच वाच. वहीत सहीही तुझीच कर. उद्या दुसरीने करायची, परवा तिसरीने. माझ्या एकटीच्या अक्षरावर आता कुणी पाणी देणार नाही."

शिवणवालीने पट्टी घेतली नाही. घागर खाली ठेवली, हात पदराला पुसले, पुन्हा उचलली. मागून एक म्हातारी ओरडली, "अगं घे की! मला उभं राहवत नाही."

तेव्हा तिने घेतली आणि दोघी पंपाच्या खोलीत गेल्या. खडू पंपाबाईने चोळून दिला. वजन सोडताना दोनदा तार बोअरच्या भिंतीला घासली. वर ओढली तेव्हा तिने खूण डोळ्यांजवळ नेली, सुईत दोरा ओवताना नेतात तशी, आणि मोठ्याने वाचलं.

"साडेअठ्ठावन्न."

काल अठ्ठावन्न होतं. जो आकडा आला तो आला; पंपाबाईने वही उघडून तिच्याकडे सरकवली. बाहेर रांगेत कुणीतरी विचारलं, किती आलं म्हणे, आणि पुढचीने मागचीला, तिने तिच्या मागचीला, असा तो आकडा शेवटपर्यंत गेला. मग नळाची चाळीस मिनिटं सुरू झाली.