पाणी पिऊन या

कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात मॅडमनी आम्हा सहा विद्यार्थ्यांना प्रत्येकी अर्धा लिटर पाणी प्यायला लावलं आणि वर तासभर शिकवत बसल्या. मधे कुणी उठायचं नाही, ही अट. विषय होता गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. फळ्यावर त्यांनी ओटीपोटाचं मोठं चित्र काढलं होतं. मूत्राशय भरलेलं असलं की ते आतड्यांना वर ढकलतं. रिकामं असलं की आतडी खाली उतरतात आणि नेमकी रेडिएशनच्या किरणांच्या वाटेत येतात. म्हणून पेशंटनं रोज तेवढंच पाणी पिऊन, तेवढंच रोखून धरून टेबलवर यायचं. हे सगळं मॅडम अगदी सावकाश सांगत होत्या. इतक्या सावकाश, की त्या मुद्दाम करताहेत हे चाळिसाव्या मिनिटाला सगळ्यांना कळलं.

माझ्या शेजारी सिद्धेश्वर धरणाजवळच्या गावचा पोरगा बसला होता. बाप धरणावर मासे धरतो. तो पाय हलवत म्हणाला, "मॅडम, दरवाजे उघडा आता. न्हाईतर खालच्या गावाला इशारा द्यावा लागंल."

मॅडम हसल्या नाहीत. "टेबलवर पेशंट हलला तर तू त्याला काय म्हणशील?"

"हलू नका म्हणंन."

"मग हलू नको."

तास संपला तेव्हा आम्ही सहाही जण ज्या वेगानं पळालो, तो वेग परीक्षेत कुणी दाखवला नाही. परत आल्यावर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही एकदा धरलं. पेशंट पाच आठवडे धरतो." आम्ही वहीत लिहून घेतलं. मी तर खाली दोन रेघा मारल्या. समजलं, असा माझा समज झाला.

या कोर्सला मी आले ती भांडणातून. कुरुंद्याच्या आमच्या विहारात बसून पत्रकं दुमडणाऱ्या पोरींमधली मी एक. शिष्यवृत्ती अडली, पत्रक. दारूचं दुकान शाळेला खेटून उघडलं, पत्रक. बसथांब्यावर बायकांना संडास नाही, पत्रक आणि वर मोर्चा. जिल्ह्यातल्या बायका शेक घ्यायला परजिल्ह्यात का जातात, असं एक पत्रक घेऊन आम्ही एका साहेबांसमोर उभ्या राहिलो. आमच्याकडे रेडिएशनला लोक शेकच म्हणतात. साहेब पत्रक न वाचता म्हणाले, "मशीन येईल हो. चालवायला माणसं कुठून आणता? तुम्ही शिकता का?" मला गप्प करायला म्हणाले होते ते. मी रागाच्या भरात फॉर्म भरला. पुढं हिंगोलीच्या बाहेर एका ट्रस्टनं खरंच केंद्र काढलं, मशीन आलं, शेजारी कोर्स सुरू झाला आणि माझा राग वाया गेला.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला खऱ्या पेशंटच्या हाताखाली दिलं. मी मुद्दामच हाताखाली म्हणते. माझ्या वाट्याला डोंगरकड्याची एक मावशी आली. पन्नाशीची, घरी दीड एकर केळी, अंगानं काटक, बोलायला त्याहून काटक. तिचा आजार अवघड होता. गाठी ओटीपोटातून वर कण्याच्या कडेनं चढलेल्या. म्हणजे किरण लांबलचक पट्ट्यात द्यायचे, आणि त्या पट्ट्याच्या मधोमध आतडी. डॉक्टर आणि फिजिक्सवाले सर यांनी कितीतरी दिवस संगणकावर बसून मिलिमीटर-मिलिमीटरनं आतडी चुकवत तिचा प्लॅन केला होता. त्या सगळ्या मिलिमीटरांचा भरवसा एका गोष्टीवर होता: मूत्राशय भरलेलं पाहिजे.

त्याची खात्री करायला आमच्याकडे एक फॉर्म होता. त्यात रकाना होता, ‘पाणी प्यायले: होय / नाही’. विचारायचं काम माझं. मी दारात उभी राहून, मोर्चात कमावलेल्या आवाजात विचारायची, "मावशी, पाणी पिलात का?"

"व्हय."

"किती?"

"बोत पिलं."

मी ‘होय’वर खूण करायची. मग तिला टेबलवर घ्यायचो, मशीनवरचं रोजचं छोटं स्कॅन काढायचो आणि पडद्यावर तिचं मूत्राशय दिसायचं: वाळलेलं बोर. त्याच्या अंगावर आतडी खुशाल पसरलेली. तिला उतरवायचं, अर्धा लिटर पाजायचं, तासभर बसवायचं, परत चढवायचं. तरीही जेमतेम भरायचं. मॅडम म्हणाल्या, सकाळपासून कोरडं राहिलेलं शरीर आधी स्वतःची तहान भागवतं, मूत्राशयाला उरलंसुरलं देतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा "पिलात का?", पुन्हा "व्हय", पुन्हा खूण, पुन्हा बोर. फॉर्म मात्र कुणीही तपासावा असा झाला होता.

मग मी ते केलं, जे मला येतं. पत्रक काढलं. गुलाबी कागद, वर ठळक मथळा, ‘पाणी प्या! उपचार यशस्वी करा!’ खाली भरलेल्या मूत्राशयाचं चित्र, हसरं. मूत्राशयाला तोंड काढायची कल्पना सिद्धेश्वरच्या पोराची. बाकड्यावर बसलेल्या सगळ्या बायकांना मी ते वाटलं. मावशीनं ओळीखाली बोट धरून पूर्ण वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "झ्याक लिवलंस. मुतायचं कुठं, त्ये न्हाई लिवलं."

तिचे मालक शेजारी बसले होते. ते लगेच पंख्याकडं बघायला लागले.

मी तिला आत पडद्यामागं नेलं. "मावशी, खरं सांगा. पाणी कधी पिता तुम्ही?"

"काल सांजंला जेवताना पेले. त्येच."

"मग रोज व्हय काहून म्हणता?"

"तू इचारती दारातून. भायेर माजे मालक, त्यो पोरगा, धा-बारा माणसं. तिथं म्या वरडून सांगू व्हय, का दीड घंट्याचा रस्ता हाय, मधी लागंल म्हून पेत न्हाई? आन् आता पयल्यावानी धरवत बी न्हाई."

आवाज कुठं चढवायचा हे मला कुरुंद्यात शिकवलं होतं. कुठं उतरवायचा, याचं पत्रक कुणी काढलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात जे व्हायचं ते झालं. जुलाब, पोटात कळा. डॉक्टरांनी औषध दिलं आणि मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं, हे थांबलं नाही तर शेक आठवडाभर बंद ठेवावा लागेल. मॅडमनी मला समजावलं: या आजारात मधे खंड पडला की तो खंड रोगाच्या फायद्याचा. मावशीला कुणीतरी हे सांगायचं होतं. मी सांगितलं, या वेळी हळू आवाजात.

ती म्हणाली, "आठवडाभर काहून? कायमचाच बंद करा. घरी मरंन एक वेळ. बसमंदी लुगडं भिजवून मरायची न्हाई म्या."

"मावशी, अर्ध्याच्या वर झालंय."

"तू बसून बघ त्या बसमंदी. मंग सांग अर्ध्याच्या वर."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारून पहाटेची बस धरली आणि डोंगरकड्याला उतरले. मावशी ओट्यावर भांडी घासत होती. मला बघून म्हणाली, "आली का पुढारीन." आज ती येणारच नव्हती, पिशवीसुद्धा भरलेली नव्हती. मी तांब्या मागितला आणि पाणी पिले. दुसरा मागितला, तोही पिले. ती बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "न्हाई ऐकायची म्हण तू," आणि स्वतः पिली. मालक आमच्या पुढं दोन सीट सोडून बसले आणि सगळा रस्ता खिडकीतून दुसऱ्यांच्या शेतांची पाहणी करत राहिले.

बस प्रत्येक खड्ड्याला न्याय देत चालली होती. अर्ध्या रस्त्यात मला फळ्यावरचं चित्र स्वच्छ दिसायला लागलं. मावशी दोन्ही हातांनी पुढच्या सीटची दांडी धरून बसली होती. आमच्या वर्गात पळत सुटायला दार होतं.

मधल्या एका थांब्यावर बस दहा मिनिटं उभी राहते. तिथं बायकांचा संडास आहे. मला चांगला माहीत होता. आमच्याच मोर्चातून झालेला. दार हिरवं, भिंतीवर बाईचं चित्र, आणि कडीला कुलूप. किल्ली समोरच्या चहावाल्याकडं.

"किल्ली द्या," मी म्हणाले.

"कुणाला पायजे?"

"बाईला पाहिजे. बायकांचंच आहे ना?"

"बाया घाण करतेत. सायेब येनार हायेत बघाया."

"कधी?"

"येतेल की."

"अहो, हे आम्ही मोर्चा काढून बांधून घेतलंय!"

"मंग तुमालाच कळाया पायजे, ताई. सांभाळून ठुलंय म्हून तर नवं हाय."

माझं सुरू झालं. हक्क, जनतेचा पैसा, लाज कशी वाटत नाही, सगळं. चार माणसं जमली. चहावाला गाळणी झटकत ऐकत होता, त्याला अशा ताया नवीन नव्हत्या. मावशीनं मागून माझं कोपर धरलं. "भाषण मागून कर गं, माय. बस सुटंल."

मग ती स्वतः पुढं झाली. इतके आठवडे आमच्या केंद्रात तिनं आजाराचं नाव घेतलं नव्हतं. ‘गाठ’ म्हणायची, ‘ते’ म्हणायची. तिथं चार माणसांत, शांतपणे म्हणाली, "दादा, कॅन्सर हाय मला. दे."

त्यानं किल्ली तिच्या हातात दिली नाही. टेबलाच्या कडेला ठेवली आणि दोन पावलं मागं सरला.

आम्ही दोघी जाऊन आलो. आत खरंच नवं होतं, फरशीवर कागदसुद्धा तसाच चिकटलेला. बाहेर येऊन मावशी किल्ली परत द्यायला गेली तर तो हात मागं घेऊन म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. तुमच्यापाशीच ठुवा. माज्याकडं दुसरी हाय."

मला पुन्हा तोंड उघडायचं होतं. कॅन्सर हात लावून पसरत नाही, हे एक संपूर्ण पत्रक माझ्या जिभेवर तयार होतं. मावशीनं माझ्याकडं असं बघितलं, की मी बसमधे जाऊन बसले. ती आली, किल्ली पदराच्या गाठीत बांधली आणि बाटली काढून पुन्हा पाणी पिली. एवढ्या आठवड्यांत बसमधे बसून पहिल्यांदाच. मालकांनी मागं वळून बघितलं आणि लगेच पुन्हा शेताकडं.

त्या दिवशी केंद्रात तिनं आणखी अर्धा लिटर घेतलं, तासभर बसली. स्कॅन आलं. पडद्यावर मूत्राशय गोल, आतडी वर सरकलेली, प्लॅनच्या रेघेला रेघ. सिद्धेश्वरचा पोरगा हळूच म्हणाला, "धरण भरलं." एका बाईच्या लघवीवरून चार माणसं इतकी खूश झालेली मी आधी बघितली नव्हती. आतून माइकवर मावशीचा आवाज आला, "झालं का कौतुक? लौकर करा रं लेकरांनो."

खंड पडला नाही. जुलाब औषधानं आणि भरलेल्या मूत्राशयानं आटोक्यात आले. फॉर्मवरचा रकाना तोच राहिला, मी पडद्यामागं जाऊन विचारायला लागले एवढंच. मॅडमनी ते पाहिलं आणि बाकीच्या पाच जणांनाही पडद्यामागं पाठवलं. बसमधल्या बाकीच्या बायकांना किल्लीचं कळायला दोन दिवस लागले. मावशी दहा मिनिटांच्या थांब्याला दाराशी उभी राहून एकेकीला आत सोडायची. चहावाला लांबूनच बघतो, असं ती सांगायची. मोर्चाला न घाबरलेला माणूस एका आजारी बाईला घाबरला होता, तेही चुकीच्या कारणानं. आणि त्या चुकीवर रोज पंधरा-वीस बायकांची सोय होत होती. मी रोज संतापत होते आणि परतीच्या वेळी मावशीला विचारत होते, "किल्ली आहे ना?"

शेवटचा शेक झाला. डॉक्टरांनी कागद दिला, पथ्याचा, त्यात पहिली ओळ ‘भरपूर पाणी प्या’. आम्ही केंद्राच्या पायरीवर उभ्या होतो. मी म्हणाले, "मावशी, आता मी लिहिणार. त्या थांब्याचं, कुलपाचं, त्या माणसाचं. फोटोसकट."

"लिव की. मंग काय व्हईल?"

"चौकशी होईल."

"आन् कुलूप बदलंल," ती म्हणाली. "नवी किल्ली पुन्हा त्याच्याचकडं. तवर त्यो शिकला बी आसंल, का हा रोग हात लावून व्हत न्हाई म्हून. मंग मला काहून दील त्यो?"

माझ्याकडं उत्तर होतं, छापलेलं होतं, पण ते तिच्या कामाचं नव्हतं.

"मला तपासणीला किती दिस येनं हाय?" तिनं विचारलं.

"पाच वर्षं. आधी तीन-तीन महिन्यांनी."

"मंग थांब्याचं नाव पाच वर्षं लिवू नको," ती म्हणाली, आणि मालकांना बस धरायला पुढं पिटाळून स्वतः सावकाश पायऱ्या उतरायला लागली.