उलटं धरलेलं चित्र

माझे यजमान बालाघाटच्या एका शाळेत चित्रकला शिकवत आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं काढत. ते जाऊन पाच महिने झाले. त्यांच्याविषयी लिहायला बसले की आधी त्यांची एक विद्यार्थिनीच आठवते, आणि मन कडू होतं.

त्यांची एक सवय होती. चित्र संपत आलं की ते स्टँडवर उलटं करून ठेवायचे. नदी आणि होडी वर, आभाळ खाली. मग म्हणायचे, "आता सांग, नजर कुठं अडते?" सरळ चित्रात माणूस नदी बघत बसतो, उलट्यात नुसते रंग दिसतात, चूक लपत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नाही. तो त्या मुलीसाठी होता. शाळा सुटल्यावर ती आमच्या ओसरीत यायची, मान तिरपी करून बघायची आणि म्हणायची, "सर, डोंग्याच्या बाजूले अडते." ते लगेच ब्रश उचलत. पुढे ती लांजीला चित्रकलेची शिक्षिका झाली, तरी रविवारी बसनं येत राहिली. मी चहा नेऊन ठेवत असे. तो निवून जाई.

मला चित्र दिसायचं ते सही झाल्यावर. मी म्हणायचे, "छान आहे." ते हसायचे, "झालं! कचेरीचा शिक्का बसला. फाइल बंद." कॉलेजच्या ग्रंथालयात मी आयुष्य काढलं. चित्रकलेवरची पुस्तकं त्यांच्यासाठी शोधून आणली, त्यांच्याआधी स्वतः वाचली. तरी माझ्याकडे काम शिक्क्याचंच.

गेल्या आठवड्यात ती आली. शाळेत त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरलंय. स्टँडवर त्यांचं शेवटचं चित्र होतं, वैनगंगेचं, बिनसहीचं. इतके दिवस मी त्यावरची धूळ झटकत होते. तिनं न विचारता ते उलटं केलं आणि मान तिरपी केली.

"काकू, एका जागी अडते. थोडासा राखाडी लावला का होऊन जाते. लावू?"

"नको."

"लोक पाहतीन ना, काकू."

"पाहू देत."

मग ती हळूच म्हणाली, "सर मले म्हणत, घरी मी आधी दाखवत नाही. काकूनं छान म्हटलं का मंग माह्यानं हात लावणं होत नाही."

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. पण पहिला विचार आला तो असा, की हेसुद्धा त्यांनी तिलाच सांगितलं.

"हे चित्र जाणार नाही," मी म्हणाले. बाकीची चित्रं जुन्या चादरींत बांधून ती ऑटोनं घेऊन गेली.

नेमकं कुठं अडतं, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चित्र अजून उलटंच आहे. रोज सकाळी मी त्याच्यासमोर बसते. कधी वाटतं, पाण्याच्या कडेला असेल. कधी वाटतं, पलीकडच्या झाडांत. काल वाळूच्या पट्ट्यात एक जागा सापडल्यासारखी वाटली. ती खरी की खोटी, हे सांगू शकेल अशी जगात एकच आहे, आणि तिला मी विचारणार नाही.