गुलाबाची पुस्तकं आणि गलांड्याची

सिंधुबाईंबद्दल लिहावं इतकं मला त्यांच्याविषयी ठाऊक आहे की नाही, सांगता येत नाही. पण ती गोष्ट पाहिलेली माणसं आता कमी होत चालली आहेत, म्हणून जमेल तसं लिहितो.

त्र्याण्णव साली इंदिरानगरात निम्मे प्लॉट मोकळेच होते. गणपती मंदिराच्या मागच्या खोलीत आमचं छोटं वाचनालय होतं आणि मंदिराच्या पायरीशी सिंधुबाईंची फुलांची पाटी असे. पाथर्डी गावात त्यांचा फुलांचा मळा होता. पहाटे त्यांचे यजमान सावळीराम बाजारात माल पोचवत आणि संध्याकाळी सिंधुबाई इथे बसून हार, पुड्या, सुटी फुलं विकत. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर मी पाच ते आठ वाचनालयात बसायला लागलो. काम सोपं होतं. पुस्तक द्यायचं, घ्यायचं, नोंद करायची. कोणी "काहीतरी चांगलं द्या" म्हणालं की मात्र माझी पंचाईत होई, कारण चांगलं कुठलं हे मला कधीच खात्रीने सांगता आलं नाही.

एके दिवशी सिंधुबाई चप्पल बाहेर काढून आत आल्या. चाळिशीच्या असतील. ओले हात पदराला पुसत म्हणाल्या, "आप्पा, मला वाचता येतं. सातवी झालीय माझी."

मी काही विचारलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "कसलं पुस्तक देऊ?"

"लगीन व्हायचं बाकी असलेलं."

मी एक ऐतिहासिक कादंबरी दिली. तीन दिवसांत परत आली. "राजाचं लगीन नको. त्याला मुलगी बघायला वेळच नाय, सारखा घोड्यावर." मग मी एक ग्रामीण कादंबरी दिली. ती दुसऱ्याच दिवशी परत. "ही तर माझ्या घरी चालू हाय की आप्पा! वरून यातली बाई शेवटाला विहिरीत उडी घेती. आमच्या विहिरीवर मोटर बसवलीय, रोज दोनदा जाते मी तिथं. उडी बिडी सुचायला टाईम कुठाय?"

"मग कसलं हवं?"

"आजकालचं. पोरगी बँकेत नोकरीला असती, स्कूटरवर जाती. लिफ्ट बंद पडती आन् आत तो असतो. तसलं."

तसल्या कादंबऱ्यांची आमच्याकडे तीन फडताळं भरलेली होती. मुखपृष्ठावर बाईचा मोठा चेहरा आणि मागे ढगात एक लहानसा पुरुष. अध्यक्ष खंडेराव, निवृत्त मुख्याध्यापक, त्या फडताळांकडे पाठ करूनच उभे राहत. त्यांनी स्वतः दिलेली थोरांची चरित्रं समोरच्या काचेच्या कपाटात होती आणि ती मी दर महिन्याला पुसत असे.

सिंधुबाईंनी ती फडताळं डावीकडून वाचायला घेतली. पाटीवर पुस्तक, एकीकडे हार ओवणं चालू. गिऱ्हाईक आलं की म्हणत, "थांबा ताई जरा, आत्ताच फोन उचलतीय ती." गिऱ्हाइकं थांबत. काही जणी तर विचारत, "उचलला का?"

सावळीराम कधी पाटी न्यायला एम-ऐंशीवर येत. कमी बोलणारा माणूस. एकदा माझ्यासमोरच त्यांनी गाडी चालू करता करता विचारलं, "मंग, तिच्या बापाला कळलं का?"

"कुणाच्या?" मी विचारलं.

ते लाजले. सिंधुबाई हसत म्हणाल्या, "पहाटे फुलं तोडताना मी सांगते ना यांना. म्हणतात, मला नको सांगू, मला काय करायचंय. आन् नाय सांगितलं तर अख्खा वाफा मुक्याने तोडतात, निम्म्या कळ्या घेतात ओढून."

आता पाकळ्यांचं सांगतो. या कादंबऱ्यांची नावं एकसारखी, चेहरे एकसारखे. आपण हे वाचलंय की नाही, हे वाचकाला समजत नाही. म्हणून सभासद बायका आपापली खूण ठेवायच्या. कोणी एकविसाव्या पानाच्या आकड्याला गोल करी, कोणी टाचणीने भोक पाडी. मी बसून खोडरबराने ते गोल पुसत असे. सिंधुबाईंना पेन लावणं पटेना. "इद्येला टोचायचं नाय," म्हणाल्या. त्या पुस्तकात पाकळी ठेवू लागल्या. एखाद्या पुस्तकात मधल्या कुठल्या तरी पानावर गुलाबाची. एखाद्यात अगदी शेवटच्या पानावर गलांड्याची. गलांडा म्हणजे तोरणात असतं ते लालपिवळं स्वस्तातलं फूल. दसऱ्याला झेंडू महाग झाला की लोक नाइलाजाने घेतात ते.

पुस्तक परत आल्यावर ती पाकळी काढून टाकणं माझं काम होतं. मी काढली नाही. उलट मी एक अंदाज बांधला आणि तो लोकांना सांगितला. हा माझा दोष आहे.

झालं असं. विमलाबाई नावाच्या सभासद होत्या. बालवाडीच्या निवृत्त बाई, एकट्या राहत, आठवड्याला दोन कादंबऱ्या संपवत. त्यांनी एकदा विचारलं, "आप्पा, या पाकळ्या कसल्या?" मी म्हणालो, "फुलवाल्या सिंधुबाईंच्या. बहुधा आवडलं तर गुलाब, आणि नाही आवडलं तर गलांडा."

एवढंच बोललो. पण दोन महिन्यांत सगळ्या इंदिरानगरच्या बायका "गुलाबाचं आहे का?" असं विचारत यायला लागल्या. गुलाब ज्या पानावर असेल ते पान म्हणे सगळ्यांत रंगलेलं. विमलाबाई ते पान दोनदा वाचत. गलांड्याची पुस्तकं फडताळात तशीच पडून राहू लागली. मला आयुष्यात पहिल्यांदा काही सुचवता येत होतं, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तक्रार आली. एका सभासदाने उशाशी पुस्तक ठेवलं होतं, त्यातून मुंग्या निघाल्या आणि गादीभर पसरल्या. गुलाबाच्या पाकळीला लागल्या होत्या. खंडेरावांनी फडताळातली वीस पुस्तकं उघडून पाहिली. बहुतेकांत जांभळट डाग.

"ही पुस्तकं आहेत की परडी?" ते म्हणाले. "नोटीस काढा. रविवारी बैठकीत हजर राहावं. सभासदत्व रद्द का करू नये, याचा खुलासा करावा. तोवर पुस्तक देऊ नका."

नोटीस माझ्याच हाताने लिहिली आणि पायरीवर जाऊन मीच दिली. सिंधुबाईंनी ती दोनदा वाचली.

"अक्षर लय चांगलं हाय तुमचं," म्हणाल्या. मग बराच वेळ हार ओवत राहिल्या. "आप्पा, नाव काढलं तर मी कुठं जाऊ? तिकडं शहरात मोठ्या वाचनालयात एकदा गेले होते. तिथला माणूस म्हणाला, बाई, चांगलं काही वाचत जा. मला चांगलं नको हो. दिवसभर फुलं तोडून मोजून बोटं काळी होतात. संध्याकाळी एवढं एक पान... लिफ्टमधलं..." त्या आठवड्यात पाटीवर पुस्तक नव्हतं. दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, तर म्हणाल्या, "फोन बंद हाय तिचा."

रविवारी दुपारी बैठक. खंडेराव, समितीचे चौघे, त्यात विमलाबाई, आणि कोपऱ्यात मी. सिंधुबाई नवीन पातळ नेसून आल्या होत्या. खुर्ची दिली तरी त्या उभ्याच राहिल्या.

खंडेराव म्हणाले, "बाई, पुस्तकात पाकळ्या तुम्ही ठेवता?"

"हो. मीच."

"डाग पडतात, मुंग्या होतात, हे माहीत आहे?"

"आता माहीत झालं. चुकले मी. पण नाव काढू नका सर. पुस्तकं धुवून देता आली असती तर दिली असती."

कोणी हसलं. खंडेराव हसले नाहीत. "नियम आहे. पुस्तक खराब केल्यास सभासदत्व..."

"थांबा जरा," विमलाबाई म्हणाल्या. त्या एरवी बैठकीत फक्त चहाला होकार देत. "डाग पडतो, कबूल. पण त्या पाकळ्यांवरून आम्ही पुस्तक निवडतो. गुलाब असला की मी डोळे मिटून घेते. एवढ्या पुस्तकांतून चांगलं कोणतं, हे दुसरं कोण सांगतं इथे? आप्पांना तर येत नाही."

ते खरंच होतं. मी मान खाली घातली.

एवढ्यावर भागलं असतं. खंडेराव विचारात पडले होते, बाकीचे माना डोलवत होते. सिंधुबाईंनी नुसतं गप्प राहायचं होतं. पण त्या विमलाबाईंकडे डोळे मोठे करून बघत राहिल्या.

"बाई, तुम्ही गुलाबाची पुस्तकं नेता? मुद्दाम?"

"मग काय, गलांड्याची नेऊ?"

"आगं बाई!" सिंधुबाईंनी तोंडावर पदर धरला. "गुलाब म्हंजे पडलेलं पुस्तक वो! सकाळी बघाल तर काय रुबाब त्याचा, आन् दुपारी मान टाकतो. ज्या पानावर गोष्टीनं मान टाकली, तिथं मी गुलाब ठेवते. गलांडा चार दिवस टोपलीत पडला तरी हाय तसा. शेवटच्या पानापर्यंत जी गोष्ट टिकली, तिच्या शेवटाला गलांडा. आमच्या मळ्यात कुणालाबी विचारा."

मला भिंतीत शिरावंसं वाटलं. दोन वर्षं मी सगळ्या वसाहतीला निवडून निवडून पडलेली पुस्तकं वाचायला दिली होती, आणि विमलाबाई त्यातलं मान टाकलेलं पान दोनदा वाचत होत्या.

विमलाबाई ताठ बसल्या. "मला आवडली होती ती."

"सगळी?"

"सगळी." मग थोड्या वेळाने, "म्हणजे... तो आर्किटेक्ट न सांगता नागपूरला निघून जातो, ते नव्हतं पटलं. पण गुलाब होता, म्हणून मला वाटलं, मीच कुठे तरी कमी पडले."

"कमी कशाच्या पडताय! नागपूरला फोन नव्हते का? येडा कुठला. आन् शेवटच्या पानावर छत्री घेऊन दारात. ही लगेच म्हणती, ये आत."

"दारच उघडायला नको होतं तिने."

"उघडायचं. पण छत्री तेवढी घ्यायची आन् दार लावायचं."

दोघी एकदम बोलू लागल्या. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "पण त्याची काही अडचण असेल ना," तर दोघींनी मिळून त्यांना गप्प केलं. त्यांनीही ते पुस्तक वाचलं होतं, हे त्या दिवशी आम्हाला समजलं.

खंडेरावांनी टेबलावर दोनदा टिचकी मारली. "आप्पा, गलांड्याचं एखादं दाखवा. तपासायला." मी एक आणून दिलं. साधं मुखपृष्ठ, ढगातला पुरुष नाही. त्यांनी शेवटचं पान उघडलं. पाकळी वाळली होती, पण रंग तसाच होता आणि कागदावर डाग नव्हता. ते शेवटचा परिच्छेद वाचू लागले. मग एक पान मागे गेले. मग आणखी एक. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत बसलो. बाहेर कोणी तरी मंदिराची घंटा वाजवली तेव्हा ते भानावर आले.

"सभासदत्व राहील," ते म्हणाले. "फुलं मात्र बंद. बाई, तुम्हाला पुस्तक कसं वाटलं, ते दर गुरुवारी इथे येऊन तोंडाने सांगायचं. ज्यांना ऐकायचं त्यांनी यावं."

"तोंडानं?" सिंधुबाई म्हणाल्या. "मंग लांबंल सर."

"लांबू दे. आणि आप्पा, हे माझ्या नावावर लिहा. नीट तपासावं लागेल."

पहिल्या गुरुवारी मला वाटलं, चार जणी येतील. अकरा आल्या. खंडेराव शिस्त राखायला म्हणून मागच्या खुर्चीवर बसले होते. सिंधुबाई पाटी बाहेर सावळीरामांच्या ताब्यात देऊन आल्या आणि पहिल्यांदा त्या नागपूरच्या पुस्तकावरच बोलल्या. घाबरल्या होत्या, पण दोन मिनिटंच. मग आर्किटेक्टची त्यांनी जी हजेरी घेतली, तिला अर्धा तास लागला. शेवटी पुस्तक वर धरून म्हणाल्या, "हे कुणी वाचू नका. इथं शंभर गलांडे पडलेत, ते न्या."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी कुलूप काढलं तेव्हा दारात रांग होती. आठ जणींनी नागपूरच्या पुस्तकासाठी नाव लावलं. पायरीवरून सिंधुबाईंनी ते ऐकलं आणि त्या पाटी तशीच टाकून आत आल्या.

"आवो, नको म्हणाले ना मी?"

रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या विमलाबाई म्हणाल्या, "म्हणून तर."