उंबऱ्यावरची तार

बुशरा दस्तगीर मणियार मूळची नांदेडची. बाप लाइट फिटिंगवाला, तिथल्या अर्ध्या इतवारा भागातले पंखे त्याच्या हातचे. पोरगी बी.एस्सी. झाली, हैदराबादला मामाकडे राहून नेटवर्किंगची पहिली परीक्षा दिली आणि हजारात नऊशे अकरा मार्क घेऊन आली. दस्तगीरनं सर्टिफिकेट फ्रेम करून दुकानात टांगलं. पुढं काय, तर काही नाही. जिथं जावं तिथं एकच प्रश्न: अनुभव किती? जिला कुणी कामच दिलं नाही तिच्याकडे अनुभव कुठून येणार, हे मुलाखत घेणाऱ्या शहाण्यांना कोण सांगणार.

शेवटी ती लातूरला फुफूकडे, म्हणजे आत्या बेगमबीकडे आली. साल २०१३. इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा कॉम्प्युटरवर द्यायची सोय नुकतीच झाली होती, आणि लातूरचे क्लासवाले गल्लोगल्ली कॉम्प्युटर मांडून बसले होते. त्यातलेच एक गुरुपादप्पा सर. फिजिक्स उत्तम शिकवायचे, पण कॉम्प्युटर चालू करायला पोरांना हाक मारायचे.

त्यांनी सर्टिफिकेट उलटसुलट करून बघितलं. "छान आहे. पण मला कागद नको. येत्या रविवारी सराव परीक्षा आहे, साठ पोरं एका वेळी बसतील. ती सुरळीत झाली तर सहा महिने ठेवतो आणि अनुभवाचं पत्र माझ्या सहीनं देतो. नाही झाली तर पुण्याहून माणूस आणतो. तुला राग यायला नको."

"नाही येणार," बुशरा म्हणाली. तिला आधीच आला होता.

तोवर तिनं शेकडो कॉम्प्युटर जोडले होते, पण सगळे पडद्यावर. माऊसनं रेघ ओढली की झाली तार. खरी तार हातात आल्यावर कळलं, की तिच्या पोटात आठ बारीक तारा असतात, त्या ठरल्या रंगक्रमानं एका चिमुकल्या प्लगमध्ये सरकवून पकडीनं दाबाव्या लागतात, आणि एक जरी अर्धा दाणा मागं राहिली तरी सगळं फुकट. पहिल्या दिवशी चौदा टोकं केली, त्यातली पाच चालली. अंगठ्याची साल निघाली.

बेगमबीनं हळद-तेल लावता लावता तोंड सोडलं. "पंधरावी शिकून तारा सोलायच्या? तुझा बाप चौथी नापास, तो बी हेच करून राहिला की."

"फुफू, अब्बांच्या तारेत करंट असतो."

"मग तुझ्या तारेत काय हाय?"



बुधवारी मात्र साठच्या साठ कॉम्प्युटर बोलायला लागले. गुरुवारी सकाळी मुलांची बॅच झकास झाली. दुपारी मुलींची बॅच बसली आणि पाच मिनिटांत सगळं ठप्प. मुली गेल्या, तसं आपोआप सुरू. शुक्रवारी पुन्हा तसंच. सकाळी ठीक, दुपारी बंद.

"पोरी काहीतरी दाबतात," सरांनी निकाल दिला.

मुग्धा नावाची एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली. "सर, आमच्यापुढं दाबण्यासारखं काही उरतच नाही. पडदाच थिजतो."

दोन्ही दिवस बुशरा शेजारच्या केबिनमध्ये मुख्य कॉम्प्युटरसमोर बसून सेटिंग तपासत होती. पुस्तकातलं प्रत्येक पान आठवून झालं. कुठंच काही वावगं नाही. शुक्रवारी संध्याकाळी तिनं बापाला फोन लावला, झालेलं सगळं सांगितलं आणि आपण परत येतो म्हणाली.

दस्तगीरनं शांतपणे ऐकून घेतलं. "बंद पडलं तव्हा तू कुठं होतीस?"

"केबिनमध्ये. स्क्रीनवर बघत होते."

"स्क्रीनमंदी काय ठेवलंय? बेटा, बंद पडलं की उठायचं, तार बोटात धरायची अन् जिथवर जाते तिथवर चालायचं. मी तीस वर्षं हेच करून राहिलो. येते म्हणतेस तर ये, पण एकदा चालून ये."

शनिवारी मुलींची बॅच बसली आणि पडदे थिजले. बुशरा उठली. हॉलच्या अलीकडच्या भिंतीशी एक स्विच होता, म्हणजे सगळ्या तारा जिथं येऊन मिळतात ती पेटी, आणि दाराच्या पलीकडे दुसरा. दोघांना जोडणारी तार तिनंच उंबऱ्यावरून नेऊन चिकटपट्टीनं बसवली होती. बोटात धरून ती दारापाशी आली, तर तार उंबऱ्यावर नव्हतीच. पलीकडचं टोक काढून, तारेची सुबक गुंडाळी करून, ते टोक अलीकडच्याच पेटीच्या रिकाम्या भोकात बसवलेलं. तारेची दोन्ही टोकं एकाच पेटीत. मग एकच निरोप त्या वर्तुळात लाख वेळा फिरणार, दुसऱ्याला वाट कुठून मिळणार? पुस्तकात हे पान होतं. तिला ते तोंडपाठ होतं.

दारात स्टुलावर लक्ष्मीबाई बसल्या होत्या. मुलींच्या होस्टेलच्या मावशी. मुलींना रोज त्याच आणायच्या, त्याच न्यायच्या.

"मावशी, ही तार कुणी काढली?"

"म्या. पोरी गेल्या की लावते की परत. टोक लोंबकळू न्हाई म्हणून भोकात ठिवलं."

"पण काढलीत कशाला?"

लक्ष्मीबाई किल्लारीकडच्या. त्यांनी बुशराकडे नीट बघितलं. "साठ पोरी आत अन् दारात तार? भूकंपात आमच्या दारात ज्वारीचं पोतं होतं, बाई. म्या भाईर होते. पोरगी त्या पोत्यापतुर आली हुती."

बुशराची नजर हॉलच्या मागच्या भिंतीकडे गेली. त्या हॉलचं मागचं दारही तिनंच बंद केलं होतं, दोन कॉम्प्युटरांचं टेबल आडवं लावून.

सर आलेच. "सापडलं? कुणाचा उद्योग?"

लक्ष्मीबाईंचं नाव घेतलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती. शिवाय चूक खरंच त्यांची नव्हती.

"माझी चूक," बुशरा म्हणाली. "येण्याजाण्याच्या वाटेत तार टाकली. आता चौकटीवरून नेते. आणि मागचं दार उघडायचंय, टेबल हलवावं लागेल. त्यात दोन कॉम्प्युटर कमी होतील."

"उद्या परीक्षा आहे. साठ पोरं बसायची आहेत."

"अठ्ठावन्न बसतील. दोघं दुसऱ्या फेरीत. दार बंद ठेवून मी परीक्षा चालू करणार नाही, सर."

आठवड्याभरापूर्वी आलेल्या मुलीनं असं बोलावं याचं सरांना नवल वाटलं. मग त्यांची नजर लक्ष्मीबाईंवर गेली, आणि ते टेबलाचं एक टोक धरायला मागच्या दाराकडे निघाले. लातूरच्या माणसाला दाराबद्दल फार समजावावं लागत नाही.

बुशरा शिडीवर चढली, खाली लक्ष्मीबाईंनी शिडी धरली. जुनी तार आखूड पडली, म्हणून नवी केली. रविवारी तीन तास परीक्षा चालली, एकही पडदा थिजला नाही. दोन्ही दारं सताड उघडी आणि वाऱ्यानं पोरांचे कच्चे कागद उडत होते, एवढीच तक्रार.

सरांनी तिथंच क्लासच्या कागदावर सहा महिन्यांचं नेमणुकीचं पत्र लिहिलं. "सोमवारी वरचा हॉल घे. तिथं ऐंशी लावायचेत."

सोमवारी तारेचं बंडल सोडायच्या आधी ती लक्ष्मीबाईंना घेऊन वर गेली. त्या प्रत्येक दारात उभ्या राहिल्या, खिडक्या ढकलून बघितल्या, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. मग म्हणाल्या, "हां, आता मांड."