केळकर बाई आणि कट्टाबझारचा नफा

शेअरच्या धंद्यात माणसाच्या हाती काय लागतं ते देव जाणे, पण किस्से मात्र भरपूर लागतात! रत्नागिरीत मारुती आळीजवळ लिमयांचं सब-ब्रोकरचं ऑफिस होतं. एक कॉम्प्युटर, चार खुर्च्या. मी टेलिफोन खात्यात. जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन बसायचो, घ्यायचो काहीच नाही. इतकी वर्षं झाली तरी आम्ही जुने लोक भेटलो की विषय निघतो तो केळकर बाईंचाच.

बाई हायस्कुलातून रिटायर झालेल्या. गणित शिकवायच्या. त्यांच्या समोरची खुर्ची सुर्व्यांची. सुर्वे सगळी नोकरी बोटीवर करून कायमचे गावी आलेले. साल दोन हजार. इंटरनेटवर कॉलेजच्या पोरांना टी-शर्ट, घड्याळं, सीड्या विकणारी ‘कट्टाबझार डॉट कॉम’ नावाची कंपनी बाजारात आली आणि सुर्व्यांनी जाहीर केलं, "बोटीवरची सगळी कमाई ह्यात घालणार!"

त्या कमाईवर नवरा-बायकोचं म्हातारपण जायचं होतं. दुसरं काही नव्हतं.

बाईंनी विचारलं, "नफा कधी होणार म्हणे?"

"बाई, हल्ली नफा कोण बघतो? साइटवर किती पोरं येतात ते बघायचं!"

"आमच्या शाळेसमोरच्या दुकानात मधल्या सुट्टीत अख्खी शाळा लोटायची हो," बाई म्हणाल्या. "विकत घेणारी चार. बाकीची बरण्या बघून परत!"

*

पण बाई नुसतं बोलून थांबणाऱ्यातल्या नव्हेत. सायबर कॅफेत जाऊन त्यांनी कट्टाबझारवरून चिपळूणच्याही पुढे, घाटाच्या पायथ्याशी अलोऱ्याच्या कॉलनीत राहणाऱ्या भाच्यासाठी टी-शर्ट मागवला. कुरियरवाला चिपळुणाहून एसटीने अलोऱ्याला गेला. शर्ट ढगळ निघाला. कंपनीने स्वखर्चाने परत नेला आणि दुसरा पाठवला. कुरियरवाला पुन्हा अलोऱ्याला!

बाई ऑफिसात येऊन म्हणाल्या, "शर्टाचे पैसे एसटीतच संपले की! हे जेवढं जास्त विकतील तेवढे जास्त बुडतील."

सुर्वे भारावून म्हणाले, "पण बाई, सर्व्हिस बघा!"

*

एकदा मुंबईहून एक अॅनालिस्ट आला. कोवळा मुलगा, मे महिन्यात टाय लावून. हॉटेलच्या हॉलमध्ये तासभर बोलला. देशातला प्रत्येक तरुण कट्टाबझारचं गिऱ्हाईक होणार, असं त्याचं म्हणणं. सुर्वे पहिल्या रांगेत माना डोलावत होते.

शेवटी बाई उठल्या. "तू तरुणच आहेस. तू काय घेतलंस त्यांच्याकडून?"

मुलगा घाम पुसत म्हणाला, "मॅडम, मी... दुकानातच जातो. कपडा हातात घेऊन बघितल्याशिवाय..."

हॉल हसायला लागला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कोकम सरबताचा ग्लास त्याच्यापुढे केला. "टाय सोड बाळा आधी, किती उकडतंय!" मला बाई सगळ्यात जास्त आवडल्या त्या तेव्हा.

*

लिमये एकदा माझ्यापाशी कुरकुरले, "बाई यायला लागल्यापासून माझी दलाली अर्ध्यावर आली."

"मग त्यांना येऊ नका म्हणून सांगा की!"

"कसं सांगू? माझ्या आईचे शेअर त्याच बघतात!"

*

सुर्वे मात्र ऐकेनात. भाव रोज चढत होता. शेवटी म्हणाले, "तुमचं नको नि माझंही नको. गावात देवाला कौल लावतो!" आमच्याकडे जमीन घेण्यापासून लग्न ठरवण्यापर्यंत सगळं देवाला विचारतात, पण शेअरसाठी कौल मी पहिल्यांदाच बघत होतो. बाई म्हणाल्या, "चला, मीही येते." त्यांच्यामागून मीही निघालो.

गावातल्या देवस्थानचे खजिनदार खुद्द सुर्वेच. सभामंडपात मानकरी जमले. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं; त्याच्या प्रत्येक वाक्यामागे मानकऱ्यांचं ठरलेलं ‘व्हय म्हाराजा!’ उजवी कळी आधी पडली तर होकार.

पडली. उजवीच! सुर्व्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाईंनी देवाला शांतपणे नमस्कार केला. "छान झालं. गुरव, आता आणखी एक कौल लावा. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी बँकेत ठेव आहे ना, ती मोडून हेच शेअर घ्यायचे का, तेवढं विचारा."

गुरवाने कळ्या उचलल्या. तोच सुर्वे ताडकन उठले आणि त्याचा हात धरून ओरडले, "ओ गुरव, थांबा! देवाचा पैसा हाय तो! असल्या कंपनीत घालायचा काय?"

आणि मागे बसलेल्या सगळ्या मानकऱ्यांनी सवयीने एका सुरात म्हटलं,

"व्हय म्हाराजा!"