नदीची तुकडी

तलावाच्या पायऱ्यांवर वस्ताद एकेका पोराच्या पाठीवर वाळका भोपळा बांधत होते. माझ्यापाशी आले आणि थांबले. हातातला भोपळा माझ्या मागच्या पोराला बांधला.

"वस्ताद, मले?"

"तुझ्या पाठीला लागलेला भोपळा उद्या दुसऱ्या कोणाला बांधू? तू पायरी धर. पाय हलव."

पोट्टे हसले. मी पायरी धरली. सगळ्यात कोपऱ्यातली, शेवाळाची. हात सटकायचा. सटकला की नाकातोंडात पाणी. कोणी वर ओढायला यायचं नाही. मला हात कोण लावणार?

ब्रह्मपुरीकडचं, वैनगंगेच्या काठचं आमचं गाव. शिवाशिव पाळणं गुन्हा आहे असा कायदा नुकताच झाला होता. कोणी साहेब आला तर दाखवायला हवं, म्हणून व्यायामशाळेनं महारवाड्यातलं एक पोर पोहायला घेतलं. ते मी. बारा-तेरा वर्षांचा असेन.

व्यायामशाळेत पोहणाऱ्यांच्या तीन तुकड्या होत्या. नवीन पोरं काठच्या तुकडीत, पाठीवर भोपळा बांधून. भोपळा सोडून तलावातल्या दगडी खांबापर्यंत जाऊन आला की तो मधल्या तुकडीत. सगळा तलाव आरपार केला की नदीच्या तुकडीत. नदीची तुकडी म्हणजे गावातली मोठी माणसं. त्यांना पोरं वाट सोडून द्यायची.

दोन उन्हाळे मी काठच्याच तुकडीत. माझ्यानंतर आलेले मधल्या तुकडीत गेले. मी पायरी सोडायचो, चार हात मारायचो, घाबरून परत पायरी धरायचो. मला पाण्याची फार भीती. खाली पाय लागला नाही की हात पायरी शोधायचे. तरी हळूहळू तरंगायला लागलो. खांबापर्यंत जमेल असं वाटायला लागलं.

"वस्ताद, माही परीक्षा कवा घेता?"

"घाई काय आहे तुला?"

दर वेळी एवढंच.

आणि एका संध्याकाळी वस्ताद स्वतः माझ्याकडे आले. म्हणाले, "उद्यापासून तू नदीच्या तुकडीत."

मला ऐकूच आलं नाही नीट. मधली तुकडी नाही, एकदम नदीची! मी घरापर्यंत धावत गेलो. मायनं डोक्याला जवसाचं तेल चोळलं. बा एरवी बोलत नसे. तो त्या दिवशी दारोदार सांगत फिरला, "माहा पोरगा नदीत जाते आता."

कोणी विचारलं नाही, काऊन, कशासाठी? मीही नाही.

सकाळी डोहावर गेलो. उन्हाळ्यात नदी आटली तरी त्या डोहात पाणी राहायचं. काळं, न हलणारं. नदीच्या तुकडीतले सगळे काठावर उभे. एकानंही कपडे काढले नव्हते. जुन्या मालगुजाराचा, गावच्या जमीनदाराचा, नातू सगळ्यात मागे.

"तू उतर," वस्ताद मला म्हणाले. "त्या खडकाला हात लावून ये. मग हे उतरतील."

मला वाटलं, मान दिला. मी उतरलो. पाणी कमरेला आलं. पायाखाली गाळ. तेवढ्यात मागून मालगुजाराचा नातू बोलला.

"वस्ताद, मगर गेली असंन ना?"

"तेच तर पाहतो आहोत. परवा शेळी नेली तिनं. असली तर याला धरायला येईलच की वर."

ते हळू बोलले नाहीत. मी ऐकतो आहे याची त्यांना फिकीर नव्हती.

माझे पाय गाळात रुतले. मला रडायला आलं नाही, ओरडता आलं नाही. पाण्यावर एक काळं लाकूड होतं, का लाकूड नव्हतं? मांडीला काहीतरी घासून गेलं. मासा असेल. मला धोतरात लघवी झाली. गरम. एवढंच कळलं की अजून जिवंत आहे.

मी वळलो. वस्ताद पुढे आले, त्यांनी हातातली काठी आडवी धरली.

"परत फिर. खडकापर्यंत सांगितलं होतं."

"नाई जात."

काठी मनगटावर बसली. मी गुडघाभर पाण्यात उभा. दात वाजत होते. एवढ्या उन्हात.

"भितोस? नदीच्या तुकडीत भित्र्याला जागा नाही."

"भेतो," मी म्हणालो. "तुमीबी भेता. हे सारेच भेऊन राह्यले. मंग माहाच जीव काऊन? तुमी उतरा."

मालगुजाराचा नातू खाली पाहत होता. वस्तादांनी पाण्याकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. ते पाऊल मी पाहिलं. मी काठीच्या बाजूनं वर आलो आणि ओल्या धोतरानं गावाकडे चालू लागलो. कोणी अडवलं नाही. त्या दिवशी डोहात कोणीच उतरलं नाही.

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. बा मालगुजाराच्या शेतात, धानाच्या बांधीत, कामाला होता. तो दारातच वाट पाहत होता.

"जा, वस्तादाचे पाय धर. मले कामावरून काढतीन ते."

"नाई धरत."

त्यानं हात उगारला. मायनं विचारलं, "मगर व्हती का रे तिथी?"

"व्हती म्हणत व्हते. मी वर येतो का ती वर येते, ते पाहाले मले उतरवलं."

माय जमिनीवरच बसली. बाचा हात तसाच वर राहिला. मग त्यानं तो हळूच खाली घेतला आणि तोंड फिरवून बसला. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

सकाळी मी तलावावर गेलो. माय मागून आली, तलावाच्या पाळीवर उभी राहिली. मी मधल्या तुकडीच्या रांगेत जाऊन उभा झालो.

"निघ इथून," वस्ताद म्हणाले. "तुझं नाव काढलं आहे."

"काठची झाली. आता मधली. मंग नदीची. साऱ्यायले जशी परीक्षा, तशीच मले. घ्या."

"निघ म्हणतो ना!"

मी पाण्यात शिरलो. पोरं भराभर बाहेर निघाली. काही बोंबलत, काही गप. छातीपर्यंत गेलो. तिथून पुढे पाय लागत नव्हता. वर सगळे उभे, हातात काठ्या. बा आला नव्हता. माय एकटी.

मी पाय सोडले आणि खांबाकडे हात मारले.

त्यानंतर बाचं काम गेलं. आम्ही धान कापायला दुसऱ्या गावांत फिरलो. कायद्याचं नाव घेऊन कोणी आमच्या बाजूनं आलं नाही. पण गावात असलो की मी रोज त्या तलावावर गेलो. माझ्यामागे वस्तीतली आणखी पोरं आली. दगड आले, शिव्या आल्या. आम्ही गेलो.

भीती अजून आहे. पाणी पाहिलं की हात अजून पायरी शोधतात. शोधू दे. माणूस आहे, भिणारच. पण दुसऱ्याची भीती मिटावी म्हणून माझा जीव पाण्यात टाकायचा, हे आता होणार नाही. माझा नाही. माझ्या वस्तीतल्या एकाही लेकराचा नाही. कोणी तसं सांगायला आला, तर त्याचा हात धरीन आणि त्याला बरोबर घेऊन उतरीन.